काचबंद गॅलरीत गडद रंग आणि जुन्या वस्तू : पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातल्या जुन्या पेठांमधील घरांना सोपा, म्हणजे पुढची ओसरी, असे. आल्यागेल्याने तिथे टेकायचे, चहा तिथेच व्हायचा आणि ऊन कलले की वडीलधाऱ्यांची आरामखुर्ची त्याच्या मागोमाग हातभर सरकायची. फ्लॅट आले तशी सोप्याची जागा गॅलरीने घेतली. पुढे धूळ, पाऊस आणि कबुतरे यांना कंटाळून लोकांनी गॅलरीला सरकत्या काचा बसवून घेतल्या. अशी काचबंद गॅलरी आज पुष्कळ घरांत आहे, पण तिच्यात बहुधा वाळत घातलेले कपडे, कांद्याची पाटी आणि कुणीच चालवत नसलेली सायकल एवढाच ऐवज सापडतो. याच जागेची गडद रंग आणि जुन्या वस्तू वापरून बसण्याची खोली कशी करावी, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

क्रम हा शब्द मुद्दाम वापरला आहे. नवखा माणूस आधी वस्तू विकत घेतो, मग रंग ठरवतो आणि ऊन कुठून येते याचा विचार खोली तापल्यावर करतो. मीही नेमके हेच केले. माझी गॅलरी पश्चिमेची, बारा फूट लांब आणि पाच फूट रुंद. एक जुने कपाट आवडले म्हणून आणले, त्याला शोभेल म्हणून तिन्ही भिंतींना आणि छतालाही शेंदरी रंग दिला. दुपारी चार वाजता तिथे बसलेल्या पाहुण्याचा चेहरा असा काही दिसे की त्याला ताप भरला आहे की काय अशी शंका यावी. दीड वर्षाने कपाट हलवले तेव्हा त्याच्या मागे मूळ शेंदरी रंगाचा लखलखीत चौकोन राहिला होता आणि बाकीची भिंत पिकलेल्या पपईच्या सालीसारखी फिकी पडली होती. या लेखातल्या निम्म्या सूचना त्या चौकोनाने शिकवलेल्या आहेत.

आधी ऊन मोजावे

सुट्टीचा एक दिवस धरून सकाळी आठपासून दर दोन तासांनी, गॅलरीच्या फरशीवर उन्हाची कड जिथे पडते तिथे खडूने रेघ मारावी आणि शेजारी वेळ लिहावी. याला खर्च शून्य आहे, पण खुर्ची कुठे बसेल, लाकूड कुठे ठेवू नये आणि कोणत्या भिंतीवर रंग टिकेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच रेघा देतात.

कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण पावणेसतरा अंशांवर आहे, त्यामुळे आपल्याकडचे ऊन दिशेप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बरेच बदलते. दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरमधला दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो, म्हणून जमिनीपासून सात फूट उंचीची काच असेल आणि वर छज्जा नसेल तर ऊन जवळजवळ सहा फूट आत येते. तेच मे महिन्यात सूर्य डोक्यावर आल्याने दुपारी ते उंबऱ्यापाशीच थांबते. थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात सावली देणारी ही दिशा सर्वांत सोयीची म्हणावी लागेल. पूर्वेच्या गॅलरीला सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि अकरानंतर ती निवते. पश्चिमेची गॅलरी मात्र मार्च ते मे या काळात दुपारनंतर भट्टी होते. उत्तरेला वर्षभर शांत, सारखा उजेड असतो, तरी मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असल्याने तिथेही ऊन डोकावते.

काचेचा एक गुणधर्म ध्यानात घ्यावा. ती ऊन आत घेते, पण त्या उन्हाने तापलेल्या फरशीची आणि भिंतीची ऊब सहजी बाहेर सोडत नाही. म्हणून आतल्या बाजूला जाड पडदा लावून खोली थंड होत नाही, कारण उष्णता तोवर घरात शिरलेली असते. पश्चिमेच्या काचेला बाहेरच्या बाजूने बांबूच्या पट्ट्यांचा गुंडाळता पडदा लावावा. बाहेरून लावणे शक्य नसेल तर निदान पांढऱ्या अस्तराचा पडदा आतून लावावा; तो थोडे ऊन परतवतो.

गळती आणि परवानगी

हा भाग नीरस आहे, पण टाळता येत नाही. गॅलरी बंद करून घेण्यासाठी महापालिकेची आणि सोसायटीची परवानगी आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. बाहेर झुकलेल्या स्लॅबवर दगडी पाटे, मातीने भरलेल्या मोठ्या कुंड्या किंवा झोपाळा यांचा भार टाकण्यापूर्वी अभियंत्याला दाखवावे. आपल्याकडचा पाऊस गगनबावड्याच्या मानाने काहीच नसला तरी तो पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो, म्हणून काचांवर नळीने दहा मिनिटे पाणी मारून कुठून आत येते ते पाहावे. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती धुळीने बुजलेली असली तर पाणी आतच उतरते आणि लोक उगीच काच बसवणाऱ्याला बोल लावतात.

रंग कुठे द्यावा, कोणता द्यावा

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की गडद रंग काचेच्या समोरच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या भिंतीवर द्यावा. काच ज्या भिंतीत आहे ती भिंत नेहमी उजेडाकडे पाठ करून असते. तिच्यावर डाळिंबी द्या की मोरपंखी द्या, बाहेरच्या लख्ख प्रकाशाशेजारी ती काळपटच दिसते, शिवाय उजळ काच आणि गडद कड यांच्या विरोधाने डोळे शिणतात. तिथे पांढरा किंवा मोतिया रंग असावा. उलट समोरच्या भिंतीवर उजेड सरळ पडतो, त्यामुळे तिथे रंगाचे खरे पाणी दिसते.

छताचा मोह आवरावा. अरुंद गॅलरीत भिंती एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की एकीवरचा रंग दुसरीवर आणि तिथून छतावर परावर्तित होतो. एक भिंत रंगवली तरी बाकीच्या भिंतींवर त्याची झाक आपोआप येते. माझ्या शेंदरी खोलीत चहासुद्धा चहाच्या रंगाचा दिसत नव्हता, यामागचे कारण हेच होते.

रंग निवडताना दिशेला मान द्यावा. पश्चिमेचा संध्याकाळचा उजेड मुळातच तांबूस असतो, त्यामुळे तांबडे आणि नारिंगी रंग तिथे भडकतात, तर मोरपंखी, शेवाळी, गडद निळा हे त्या उजेडाला सावरून धरतात. उत्तरेच्या शांत, निळसर उजेडात हळदीसारखा पिवळा किंवा झेंडूचा रंग खोलीला जाग आणतो. दक्षिणेला आणि पूर्वेला डाळिंबी, अंजिरी, आमसुली असे रंग शोभतात. माझे मत विचाराल तर आमसुली रंगावर पितळ जसे उठून दिसते तसे दुसऱ्या कशावरच दिसत नाही.

रंगांच्या दुकानातल्या पत्रकापेक्षा घरातले एखादे इरकली लुगडे अधिक उपयोगी पडते. विणणाऱ्याने अंगाचा, काठाचा आणि पदराचा रंग यांचा मेळ आधीच घालून ठेवलेला असतो. अंगाचा रंग भिंतीला, काठाचा गाद्या-उशांना आणि पदरातला पांढरा काचेच्या भिंतीला, अशी वाटणी केली की मेळाची चिंता मिटते. खणाच्या चोळीचा तुकडाही चालतो. दुकानदाराला तो प्रत्यक्ष नेऊन दाखवावा.

पत्रकावरचा बोटभर नमुना भिंतभर पसरला की बराच अधिक गडद भासतो. म्हणून दोन फूट लांब-रुंद हार्डबोर्डवर दोन हात देऊन तो तुकडा भिंतीला टेकवावा आणि सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला व रात्री बल्बखाली पाहावा. घाई नसेल तर त्याच तुकड्याची अर्धी बाजू काळ्या कागदाने घट्ट झाकून तो महिनाभर काचेला लावून ठेवावा. कागद काढल्यावर दोन्ही बाजूंमध्ये फरक दिसला तर तो रंग या खोलीसाठी नाही, इतके निश्चित समजावे. साध्या काचेतूनही अतिनील किरणांचा काही भाग आत येतोच, आणि झगझगीत तांबडे, नारिंगी, राणी हे रंग बहुधा त्यापुढे लवकर हार मानतात. गेरू, पिवळी माती यांच्यासारखे खनिज रंगद्रव्यांवर आधारलेले रंग तुलनेने फार टिकतात. दुकानात मागताना बाहेरच्या भिंतीचे इमल्शन मागावे, कारण ते ऊन आणि ओल दोन्ही सोसण्यासाठीच बनवलेले असते. पृष्ठभाग मंद चमकेचा असावा. चकचकीत भिंत उन्हात डोळ्यांवर येते.

हिशेब सोपा आहे. बारा फूट लांब आणि नऊ फूट उंच भिंत म्हणजे १०८ चौरस फूट. दोन हातांसाठी एका लिटरला साधारण ५० ते ६० चौरस फूट धरले तर दोन लिटर रंग पुरतो. गडद रंग पांढऱ्यावर दोन हातांत बसत नाही, तिसरा हात लागतो. तो वाचवायचा असेल तर प्रायमरमध्येच त्या रंगाची थोडी छटा मिसळून घ्यावी.

काम पावसाळ्यात काढू नये. भिंत कोरडी आहे की नाही हे पाहण्यासाठी फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा. चोवीस तासांनी आतून दव धरले असेल तर थांबावे. दिवाळीआधी रंगारी हाताला लागत नाहीत आणि मिळाले तरी घाईत असतात, म्हणून डिसेंबर-जानेवारी हे महिने उत्तम. जुन्या घरात चुन्याचे थर असतील तर ते खरवडल्याशिवाय वर इमल्शन देऊ नये, ते पापुद्र्यांनी सुटते.

जुन्या वस्तू : कुठे पाहाव्यात, काय तपासावे

शोधाची सुरुवात स्वतःच्या माळ्यापासून करावी. त्यानंतर गावाकडचे घर, आणि त्यानंतर बाजार. बाजारात तीन ठिकाणे धरावीत. तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानात लोकांनी मोडीत घातलेल्या भांड्यांचा ढीग मागच्या बाजूला असतो. तो दुकानदार आपणहून दाखवत नाही, विचारावा लागतो. लाकडाच्या वखारींत आणि जुने वाडे पाडणाऱ्या ठेकेदारांकडे चौकटी, खिडक्यांची दारे, गज, खांब आणि कोरीव पट्ट्या मिळतात. तिसरे ठिकाण म्हणजे साधे भंगाराचे दुकान, जिथे शिवणयंत्राचे बिडाचे पाय, पत्र्याच्या ट्रंका आणि कंदील सापडतात.

मोडीच्या ढिगातून मी एक घंगाळ घेतले, तो प्रसंग थोडा विस्ताराने सांगतो. ते काळे पडलेले होते आणि त्याच्या एका कडीचा खिळा ढिला होता. दुकानदाराने तराजूत टाकले आणि वजनाप्रमाणे भाव सांगितला. मोडीचा भाव आणि नव्या भांड्याचा भाव यांच्या मधली रक्कम वाजवी असते, एवढे ठाऊक असले की घासाघीस लवकर संपते. खिशातले छोटे लोहचुंबक लावून पाहिले. पितळेला किंवा तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा आहे असे समजावे. घरी आणून चिंच आणि मीठ लावून हलक्या हाताने घासले तेव्हा काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेले एक नाव, ‘यांजकडून भेट’ हे शब्द आणि १९५८ हे साल दिसू लागले. दुकानात ते यंत्रावर घासून चकाकी आणून दिले असते तर ही अक्षरे बोथट झाली असती. जुन्या भांड्याला यंत्राची घासाई कधीही करू नये. खोलगट जागी राहिलेला काळेपणा तसाच ठेवावा, त्यानेच नक्षी उठून दिसते. आता त्या घंगाळात मनीप्लांट आहे, पण माती थेट धातूत घातलेली नाही. आत प्लॅस्टिकची कुंडी उतरवली आहे, म्हणजे तळ खात नाही आणि कुंडी उचलून बाहेर पाणी घालता येते.

लाकडाची परीक्षा खालून करावी. खुर्ची किंवा कपाट उलटे करून पाहावे. टाचणीच्या टोकाएवढी भोके असतील आणि टिचकी मारल्यावर त्यांतून पिठासारखी भुकटी पडत असेल तर किडा अजून जिवंत आहे. अशी वस्तू फुकट मिळाली तरी उपचार केल्याखेरीज घरात आणू नये, नाहीतर ती दाराच्या चौकटीपर्यंत प्रसाद वाटते. सांधे कसे आहेत तेही पाहावे. खुंटी मारून बसवलेली साळ आणि कुसू (म्हणजे खाच आणि तिच्यात बसणारे लाकडाचे टोक) यांची जोडणी डगमगत असली तरी सुतार ती घट्ट करू शकतो. नुसत्या खिळ्यांवर उभे असलेले फर्निचर पुन्हा पुन्हा सैल होते. शिसवी आणि सागवानी लाकूड हाताला जड लागते, पण केवळ गडद पॉलिशला भुलून शिसवाचा भाव देऊ नये. खालच्या न रंगवलेल्या भागावर रेषा स्पष्ट दिसतात.

जुन्या रंगवलेल्या खिडक्या आणि दारे यांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत ९० भागांपेक्षा, अधिक नसावे हा नियम भारतात २०१६ साली झाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगांत शिसे पुष्कळ असू शकते. असा रंग कोरड्या पॉलिशपेपरने घासू नये, कारण ती धूळ लहान मुलांना फार घातक असते. पाणी मारून ओला घासावा, मुलांना दूर ठेवावे, किंवा रंग सुटत नसेल तर त्यावर पारदर्शक वॉर्निशचा हात देऊन तो तसाच ठेवावा. उडालेला, थरांथरांचा रंग मला नव्या रंगापेक्षा अधिक आवडतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात सांगायलाच हवी. जुन्या वाड्यांत शिकारीच्या आठवणी म्हणून सांबराची शिंगे भिंतीवर असत आणि वाडा मोडला की कुणीतरी ती हळूच विकायला काढतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. सजावटीच्या हौसेपायी फौजदारी ओढवून घेऊ नये. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे यांना पुरावशेषांचा वेगळा कायदा लागू होतो, तेव्हा देवळातून आल्यासारखी वाटणारी मूर्ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

मांडणी

पाच फुटांच्या गॅलरीत एक मोठी वस्तू, दोन मध्यम आणि मूठभर लहान वस्तू पुरतात. मोठी वस्तू म्हणजे आरामखुर्ची किंवा शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर शहाबादी फरशी ठेवून केलेले टेबल. काचेच्या बाजूला ठेवलेले काहीही खिडकीच्या कठड्याहून उंच नसावे. लहान पितळी वस्तू खोलीभर विखुरल्या तर पसारा वाटतो. गडद भिंतीवरच्या एकाच फळीवर त्या एकत्र ठेवाव्यात. खडूच्या रेघांच्या आत, म्हणजे जिथे रोज ऊन पडते तिथे, वेताची खुर्ची ठेवू नये. वेत सुकून कडकतो आणि तुटतो. मूळ छायाचित्रेही तिथे लावू नयेत, त्यांच्या प्रती करून त्या चौकटीत घालाव्यात.

पाण्याने भरलेली काचेची गोल भांडी, भिंगे आणि अंतर्वक्र आरसे उन्हाच्या टप्प्यात ठेवणे धोक्याचे आहे. त्यांतून ऊन एका बिंदूवर एकवटते आणि पडदा किंवा कागद पेट घेऊ शकतो.

रंगीत काचांची हौस असलेल्यांनी कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधला दरबार हॉल एकदा या नजरेने पाहून यावा. १८७७ ते १८८४ या काळात चार्ल्स मांट यांच्या आराखड्यावरून बांधलेल्या त्या राजवाड्यात शिवचरित्रातले प्रसंग रंगीत काचांत साकारले आहेत आणि प्रकाश मागून आल्याशिवाय अशा काचेला अर्थ नसतो हे तिथे लगेच उमगते. घरी जुन्या दाराची रंगीत तावदाने मिळाली तर ती पूर्वेला किंवा पश्चिमेला टांगावीत, कारण उतरते ऊनच रंगाचे कवडसे आत खोलवर टाकते. हे कवडसे गडद भिंतीवर विरून जातात. त्यांच्यासाठी बाजूची पांढरी भिंत किंवा फिकट फरशी मोकळी ठेवावी.

कापड

कापड सर्वांत शेवटी घ्यावे, कारण ते बदलणे सर्वांत सोपे असते. पडद्यांसाठी मांजरपाट पुरतो. इचलकरंजीचे सुती कापड हाताशी असताना कृत्रिम धाग्याचे पडदे कशाला घ्यावेत, हे मला कळलेले नाही. बसण्यासाठी जुन्या लुगड्यांची वाकळ घालावी. ती उन्हात विटते, पण मूळचीच अनेक रंगांची असल्याने विटलेली बोचत नाही. दर पंधरवड्याला उलटसुलट केली की दोन्ही बाजू सारख्या राहतात. भिंतीचा रंग गडद असताना उशांचे अभ्रे मात्र एकरंगी ठेवावेत. जमिनीवर धनगरी घोंगडे फार देखणे दिसते, विशेषतः मोरपंखी भिंतीसमोर. त्याला कसर लागते, म्हणून मृग लागण्यापूर्वी ते दोन दिवस कडक उन्हात टाकावे, झटकावे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ट्रंकेत ठेवावे. त्याच दिवशी खिडकीच्या पट्टीतली भोके तारेने साफ करावीत, बांबूचा पडदा उतरवून ठेवावा आणि घंगाळातली कुंडी उचलून तळाशी पाणी साचलेले नाही ना, ते पाहावे.